वर्गातील दुर्गसहल

आमच्या शहरातील एका मराठी शाळेत आठवीच्या मुलांनी दुर्गसहलीचा बेत आखला आहे. सहल वर्गातच निघावयाची आहे; पडद्यावरील नकाशा व चित्रे पाहत मुले गड चढणार आणि घंटा होताच उतरणार. मोटारीचे भाडे परवडत नाही म्हणून जी मुले दर वर्षी सहलीस मुकतात, त्यांना येथे प्रथमच इतरांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. एवढ्या एका गोष्टीसाठीही आम्ही या उपक्रमाचे स्वागत करू. पण मुलांचा आराखडा आमच्या पाहण्यात आला, आणि दोन शब्द लिहिणे प्राप्त झाले.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांची यादी मुलांनी जशीच्या तशी उतरून घेतली आहे. साल्हेरपासून थेट तामिळनाडूतील जिंजीपर्यंत, आणि तेही एका तासिकेत! पाय दुखणार नसतील, तर अंतराचा हिशेब तरी मुलांकडून घेतला पाहिजे. १६८९ साली राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेष पालटून निघाले; जिंजी गाठण्यास त्यांना कित्येक आठवडे लागले. वाटेत केळदीच्या राणी चन्नम्मा यांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आश्रय दिला. (कानडी मुलखाचे हे ऋण मराठी शाळेत मोठ्याने सांगितले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.) ही वाट मुलांनी नकाशावर आखावी, आडव्या येणाऱ्या नद्या मोजाव्यात, म्हणजे जिंजी किती दूर होती ते त्यांना उमगेल.

यादीत विशाळगड नाही. पण जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटलेले शिवराय भर पावसात ज्या गडाकडे निघाले, तो वगळून पन्हाळ्याची हकीकत पुरी कशी व्हावी? यादी ही शिक्षकाची सोय आहे, इतिहासाची हद्द नव्हे.

शिवाय मुलांनी जमविलेली चित्रे पाहावीत तर सगळी बुरुजांची आणि दरवाजांची. गडावर माणसे काय खात, काय पीत, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. पन्हाळ्यावरील अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारे कशासाठी बांधली? १६६४ साली मालवणनजीकच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. भोवती खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जिंजीचा वेढा १६९८ पर्यंत, सात-आठ वर्षे रेंगाळला. एवढा काळ शिबंदीस पोसणे म्हणजे काय, याचे गणित आठवीच्या मुलास सहज मांडता येईल. सर्वांत रंगतदार भाग हाच होईल, अशी आमची खात्री आहे.

आणि बेळगावच्या मुलांच्या या आराखड्यात बेळगावचा किल्ला नाही! खंदकाच्या आत कमलबस्ती आहे, साफा मशीद आहे. बाजारास जाताना मुले तो खंदक नित्य पाहतात. येळ्ळूरचा राजहंसगडही नाही. पडद्यावर जे दिसत नाही ते ऐतिहासिकच नव्हे, अशी समजूत करून घेऊन ही मुले मोठी झाली, तर दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

तेव्हा शिक्षकांनी आराखडा पुनः मुलांच्या हाती द्यावा आणि पहिला मुक्काम राजहंसगडाचा ठेवावा. तेवढा एक गड मात्र पायांनी चढावयाचा. पायऱ्या मोजावयाच्या, पाणी कोठे साठे ते शोधावयाचे, येळ्ळूरच्या वृद्धांना विचारून टिपून घ्यावयाचे. येळ्ळूरपर्यंतच्या बसचे तिकीट फारसे नाही. ज्यांना तेही जड जाईल त्यांची सोय पालकसभेने आधीच करावी, आणि कोणाची केली ते मुलांना कळू देऊ नये.