साहेबाच्या चित्रांत मेटकरी कोठें आहे?

आमच्या डोंगरी किल्ल्यांचीं इंग्रज चित्रकारांनीं काढलेलीं जुनीं चित्रें हल्लीं मोठ्या कौतुकानें दाखविण्यांत येतात. कौतुक जरूर करावें. पण आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनीं तीं एकदां डोळे उघडून पाहावींत.

हीं चित्रें काढणारे पुष्कळसे गृहस्थ पलटणींतले अंमलदार होते. कंपनीच्या लष्करी शाळेंत चित्रकला मुद्दाम शिकवीत; कारण ज्याला डोंगराचा उतार नीट काढतां येतो, त्याला तोफ कोठें लावावी हेंही समजतें. १८१८ सालीं सिंहगड, पुरंदर, रायगड इंग्रजांच्या हातीं गेले. पुढें मुंबईच्या फौजेंतील कॅप्टन ग्रिंडले यानें १८२६ ते १८३० च्या दरम्यान लंडनांत पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचें पुस्तक काढलें. त्यांत देवगिरीचा किल्ला आहे. मागून शिळाछापाची स्वस्त रीत आली. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावें, दगड भिजवून शाई फिरवावी. शाई तेलकट रेघेलाच धरते. मेडोज टेलर यानें १८३७ सालीं दख्खनचीं चित्रें अशींच छापविलीं.

अशा चित्रांत बहुधा काय दिसतें? वर कडा, तट आणि ढग. खालीं झाडाच्या सावलींत एखादा पागोटेवाला. त्याला नांव नाहीं, काम नाहीं. कडा किती उंच हें कळावें म्हणून त्याला बसविलेला!

पण तो तट चढविला कोणीं? वडार-पाथरवटांनीं दगड फोडला, पाण्याचीं टाकीं खोदलीं. लोहारांनीं त्यांच्या छिन्न्यांना धार लावली. गडाच्या घेऱ्यांत मेटें धरून रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड यांनीं रात्री जागून काढल्या. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचें नांव जगदीश्वराच्या पायरीवर तरी आहे. ती पायरी घडविणाराचें कोठेंच नाहीं. पुरंदरच्या रखवालदार रामोशांतले उमाजी नाईक हक्कांसाठीं उठले, तर १८३२ सालीं पुण्यास फांशीं गेले, आणि सरकारी कागदांत दरोडेखोर ठरले. एकट्या साहेबाला दोष कशाला? आमच्या बखरींतूनही घेऱ्यावरच्या माणसांची जात तेवढी येते, नांव क्वचित्.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले. अकरा महाराष्ट्रांतले व एक तामिळनाडूंतला जिंजी. तेथें चित्रें व पाट्या लावायच्या असतील, तर पाथरवटाच्या व मेटकऱ्याच्या कामाचीही पाटी त्यांच्या शेजारीं लागली पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

आणि वाचकहो, ज्यांच्या घरीं गडाच्या चाकरीच्या सनदा किंवा इनामाचे कागद पेटींत पडून असतील, त्यांनीं ते वाळवीच्या हवालीं करूं नयेत. जाणत्याकडून वाचून घ्यावे, नक्कल करून ठेवावी, आणि त्यांतलीं नांवें गांवच्या शाळेंत मुलांना ऐकवावीं.