यादी कुणाच्या ताब्यात?

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी टाइनीलेटर बंद झालं. अगदी साधी, फुकट सेवा होती ती. पत्र लिहायचं, आणि ज्यांनी आपला ईमेल पत्ता दिला आहे त्यांच्याकडे ते पोचायचं, एवढाच कारभार. २०१० साली ती सुरू झाली, पुढच्याच वर्षी मेलचिंपने विकत घेतली आणि शेवटी मिटवून टाकली. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२३ मध्ये, ट्विटरने रेव्ह्यू ही अशीच सेवा गुंडाळली. ती विकत घेऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. फेसबुकचं बुलेटिनही त्याच सुमारास गेलं.

टाइनीलेटर आणि रेव्ह्यूवर लिहिणाऱ्यांना त्रास झाला, पण ते बुडाले नाहीत. वाचकांच्या पत्त्यांची यादी त्यांना उतरवून घेता आली आणि दुसरीकडे जाऊन पुढचं पत्र पाठवता आलं. याउलट २९ जून २०२० ची रात्र आठवा. टिकटॉकवर बंदी आली आणि आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींचे हजारो, लाखो फॉलोअर एका फटक्यात नाहीसे झाले. ती माणसं कुठेच गेली नव्हती. आपापल्या गावी, आपापल्या फोनसमोर बसलेली होती. पण त्यांच्यापर्यंत पोचायचा पत्ता त्या मुलांकडे नव्हता. तो कंपनीकडे होता.

हल्ली यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर मराठीत काम करणारे बरेच जण ईमेल न्यूजलेटरकडे वळताहेत. कुणी गडकिल्ल्यांवर बोलतं, कुणी शेअर बाजार समजावतं, कुणी विस्मरणात गेलेल्या भाज्यांच्या पाककृती देतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला प्लॅटफॉर्म घेऊ? सबस्टॅक, घोस्ट, मेलचिंप, बीहाइव्ह, किट, ब्रेव्हो. नावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची तुलना करणारे व्हिडिओही. त्यात टेम्पलेट किती, रंग किती, एआय लिहून देतं का, यावर वेळ जातो. मला वाटतं, सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. इथून उद्या निघायचं झालं तर मी सोबत काय नेऊ शकेन, हे आधी पाहावं.

एकट्या माणसाने लिहायचं, वाचकांनी वर्गणी भरायची आणि अंक घरपोच जायचा, ही रीत मराठीला नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली ती अशीच, मासिक आणि जवळजवळ सगळी एकहाती. तिचे ८४ अंक निघाले. पण चिपळूणकर नुसतं लिहून थांबले नाहीत. चित्रशाळा, किताबखाना, आर्यभूषण छापखाना, एकेक साधन ते आणि त्यांचे सहकारी उभं करत गेले. लिहिणाऱ्याचा आवाज स्वतंत्र राहायचा असेल तर छापण्याचं आणि पोचवण्याचं साधनही आपल्या आवाक्यात हवं, हे त्यांना पुरतं उमगलेलं होतं. आज छापखाना कुणी विकत घेत नाही. पण वर्गणीदारांची वही आपल्या कपाटात आहे की दुसऱ्याच्या, हा प्रश्न तसाच शिल्लक आहे.

सबस्टॅकपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथेच आधी जातात. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली ही कंपनी. खातं उघडायला दहा मिनिटं लागतात, मेल कितीही पाठवा, पैसे पडत नाहीत. सशुल्क सदस्यत्व सुरू केलंत तर वर्गणीतले १० टक्के कंपनीचे. यादी कधीही उतरवून घेता येते. केसी न्यूटन या अमेरिकी पत्रकाराने जानेवारी २०२४ मध्ये आपलं ‘प्लॅटफॉर्मर’ हे न्यूजलेटर सबस्टॅकवरून घोस्टवर हलवलं. नाझी विचारांच्या न्यूजलेटरांना सबस्टॅकने जागा दिली, हे त्याला मान्य नव्हतं. तो वाचकांसकट निघू शकला, कारण पत्ते त्याच्या हातात होते आणि वर्गणी स्ट्राइप या ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीकडच्या ज्या खात्यात जमा व्हायची तेही लेखकाच्याच नावावर असतं. विचार पटला नाही म्हणून घर बदलता येणं ही लहान गोष्ट नाही.

सावध राहायचं ते दुसऱ्या एका गोष्टीपासून. सबस्टॅकने नंतर स्वतःचं अ‍ॅप आणलं, त्यात ‘नोट्स’ ही छोट्या नोंदींची सोय आणली, मग ‘फॉलो’चं बटण आणलं. सबस्क्रायबरचा ईमेल तुम्हाला मिळतो. नुसत्या फॉलोअरचा मिळत नाही. दोन्ही आकडे शेजारी दिसतात आणि फॉलोअरचा आकडा भराभर वाढत असला की तो खरा वाटायला लागतो. तिथून निघताना मात्र ती माणसं मागेच राहतात. म्हणून तिथे लिहायचं तर जरूर लिहा, पण वाढ मोजताना फक्त पत्ते मोजा.

घोस्ट मला मनापासून आवडतं, हे सांगून टाकतो. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून ते उभं राहिलं. मालक म्हणून कुणी गुंतवणूकदार नाही, ना-नफा संस्था आहे, कोड सगळ्यांना खुला आहे आणि वर्गणीत ते वाटा मागत नाहीत. महिन्याचं भाडं द्यायचं आणि काम करायचं. तंत्राची हौस असेल तर स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. मात्र तसं केलं तर मोठ्या यादीला मेल पाठवायला मेलगनसारखी सेवा वेगळी जोडावी लागते, आणि काही अडलं तर रात्री जागायची तयारी लागते. ज्याला फक्त लिहायचं आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

मेलचिंप ही जुनी, २००१ सालची कंपनी. २०२१ मध्ये इंट्यूटने ती सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. तिचा रोख दुकानदारांकडे आहे. फुकटात कधीकाळी २,००० पत्ते मिळायचे, ती मर्यादा पुढे ५०० वर आली. सोडून गेलेला सदस्यही, तुम्ही त्याला मुद्दाम बाजूला काढेपर्यंत, बिलात मोजला जातो. लेखकासाठी मी ती सुचवणार नाही.

आता पैशाचं बोलू. तुलनेच्या व्हिडिओंतून हा भाग सहसा निसटतो, कारण ते अमेरिकेतल्या क्रिएटरसाठी केलेले असतात. सबस्टॅक, घोस्ट, बीहाइव्ह या तिघांचीही सदस्यवर्गणी स्ट्राइपमार्फत येते. आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावरून द्यायला सुरुवात केली. म्हणजे नाशिकला बसून सबस्टॅकवर ‘सशुल्क’चं बटण दाबायला गेलात की गाडी तिथेच अडते. समजा खातं मिळालंही, तरी सोलापूरच्या वाचकाला यूपीआयची सवय आहे. रिझर्व्ह बँकेचे आपोआप हप्ता कापण्याचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, आणि परदेशी कंपन्यांची दरमहा वर्गणी भारतीय कार्डावरून कापली न जाण्याचा अनुभव तेव्हा अनेकांनी घेतला. न्यू जर्सीतला मराठी वाचक महिन्याला पाच डॉलर सहज देईल. त्याच मजकुरासाठी बार्शीच्या शिक्षकाकडून पन्नास रुपये घ्यायचे तर अमेरिकी दराने स्ट्राइपचे ठरावीक ३० सेंटच निम्मी रक्कम खातात, टक्केवारी वेगळीच.

म्हणून मराठीतून पैसे मिळवायचे असतील तर वर्गणी मासिक ठेवू नका, वार्षिक ठेवा. आपल्या नियतकालिकांनी पिढ्यान् पिढ्या तेच केलं आहे आणि वाचकाला ते अंगवळणी आहे. पैसे रेझरपेसारख्या भारतीय गेटवेवरून, यूपीआयने घ्या. ज्यांनी भरले त्यांच्या पत्त्यांपुढे यादीत एक खूण लावा. घोस्टमध्ये लेबल असतं, किटमध्ये टॅग. सशुल्क अंक तेवढ्या खुणेच्या लोकांना जातो. थोडं हाताने करावं लागतं, पण पाचशे-सातशे वर्गणीदारांपर्यंत एका माणसाला ते निभतं. यात आणखी एक लाभ आहे. उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी पैशाचा व्यवहार जागचा हलत नाही.

देवनागरीची परीक्षा मात्र प्रत्येक प्लॅटफॉर्मची स्वतः घ्यावी लागते, ती तुमच्या वतीने कुणी घेतलेली नसते. जीमेल १०२ किलोबाइटच्या पुढचा मेल कापतं आणि तळाशी ‘पूर्ण संदेश पाहा’ अशा अर्थाची एक बारीक ओळ ठेवतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळ्यांचे वेगळे तीन-तीन. वर टेम्पलेटचा फापटपसारा असला की दिवाळी अंकाच्या थाटाचा लांब लेख मध्येच तुटतो, आणि सदस्यत्व रद्द करायचा दुवा तळाशी असल्यामुळे तोही दिसेनासा होतो. तेव्हा टेम्पलेट जितकं साधं तितकं बरं. सुंदर फॉन्ट निवडण्यातही वेळ घालवू नका; जीमेल बाहेरचा फॉन्ट घेत नाही, वाचकाच्या फोनवर जो देवनागरी फॉन्ट आहे तोच दिसणार. ओळींमधलं अंतर मात्र तपासा. इंग्रजीच्या मापाने आवळलेल्या मथळ्यात रफार आणि मात्रा वरून छाटल्या जातात, उकार खालून. चाचणीचा मेल एखाद्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर आणि कुणाच्या तरी ऑफिसातल्या आउटलुकवर उघडून बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिला मेल. नाव नोंदवल्यावर ‘खात्रीसाठी इथे क्लिक करा’ असं सांगणारा जो मेल जातो, तो पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत असतो. बँकेच्या फसवणुकींमुळे आपल्याकडच्या ज्येष्ठांना अनोळखी दुव्यावर बोट लावू नका असं घरच्यांनी बजावलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. तुमचं लिखाण वाचायला उत्सुक असलेली साठीची बाई त्या इंग्रजी मेलपाशी थांबते आणि यादीत कधी येतच नाही. तो मेल, तळटीप आणि रद्द करायचं बटण हे सगळं मराठीत लिहिता येतं का, हे पैसे भरण्याआधी बघा. येत नसेल तर तो प्लॅटफॉर्म आपल्या वाचकासाठी नाही.

स्वतःचं डोमेन पहिल्या दिवशी घ्या, खर्च वर्षाला हजाराच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर ओळख पटवण्याची सक्ती केली आहे. पाठवणाऱ्याच्या जागी आपला जीमेलचा पत्ता टाकून हजारोंना मेल धाडायचे दिवस गेले. देवनागरीतलं डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं आणि दिसतं फार छान, पण मेलसाठी तूर्त रोमन अक्षरांतलंच ठेवा, कारण सगळे सर्व्हर अजून देवनागरी पत्ते स्वीकारत नाहीत.

किती जणांनी मेल उघडला, या आकड्यावर फार विसंबू नका. अ‍ॅपलने २०२१ मध्ये केलेल्या बदलानंतर वाचकाने न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. मी उत्तरं मोजायला सांगतो. वाचकाने ‘रिप्लाय’ दाबलं तर ते तुमच्यापर्यंत येतं ना, हे तपासा. मराठी वाचक पत्र लिहिणारा आहे. संपादकांच्या टेबलावर त्याची पोस्टकार्डं वर्षानुवर्षं पडत आली आहेत. उत्तराचा रस्ता बंद ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

मराठी माणूस मेल वाचतो कुठे, तो तर व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, हा आक्षेप रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅप चॅनल जरूर काढा. पण चॅनलवर कोण आलं त्याचा नंबर तुम्हाला दिसत नाही, ग्रुपला १,०२४ जणांची मर्यादा आहे आणि ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे. चॅनलवर अंकाची बातमी द्या, सोबत नोंदणीचा दुवा द्या. तिथल्या शंभरातले दहा जण जरी यादीत आले तरी ते दहा तुमचे वाचक आहेत.

आणि महिन्याच्या एक तारखेला यादी उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवा, पासवर्ड लावून. त्या यादीत लोकांनी विश्वासाने दिलेले पत्ते आहेत, आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानेही संमतीच्या पलीकडचा वापर चालत नाही. तुमचं नाव झालं की एखादा प्रकाशक, एखादा सहल काढणारा, एखादा ओळखीचा उमेदवार ती यादी मागायला येईल, बहुतेक गोड बोलून. त्याचं निवेदन योग्य वाटलं तर तुमच्या अंकात, तुमच्या शब्दांत छापा. यादी देऊ नका.