पिवळा झेंडा

माझ्या भाच्याला मातीतल्या मोटारसायकल शर्यतींचं वेड. नोकरी सांभाळून, निव्वळ हौस. डिसेंबरात एका शर्यतीत पडला, खांद्यापाशी गळ्याचं हाड मोडलं. हात गळ्यात, सजदाही इशाऱ्यानं. आपा म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह, आता तरी घरी बसेल."

तो कसला बसतोय! 28 जानेवारी 2024 ला पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीग होती. "खाला, नुसतं बघायला चल," म्हणून मलाही ओढलं. स्टेडियममध्ये माती टाकून उंचवटे रचले होते, त्यांवरून गाड्या अक्षरशः उडत होत्या. मी आयतुल कुर्सी पढत बसले.

हा मात्र ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत होता. उंचवट्यापलीकडे कुणी पडलं तर मागच्या स्वाराला ते दिसत नाही. म्हणून पिवळा झेंडा हलवतात. मग वेग कमी करायचा, कुणाला ओलांडायचं नाही.

"खाला, त्या दिवशी मला झेंडा दिसला होता."

"मग?"

"तिसरा होतो. वेग कमी नाही केला. उडी घेतली तर समोर एक मुलगा पडलेला. टेकताच त्याला चुकवायला गेलो."

घरी त्यानं चाक घसरल्याचं सांगितलं होतं. वर्गात मी पोरांची खोटी कारणं चेहऱ्यावरून ओळखते. याचं ओळखलं नव्हतं.

"त्याला लागलं?"

"नाही. पण मी माफीही मागितली नाही."

बंद्याचा हक्क बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो, एवढंच मी म्हटलं. आपाला काय सांगायचं ते त्याच्यावरच सोडलं.

परतताना बसमध्ये तो डाव्या हातानं फोनवर नंबर शोधत होता.