नॉर्मल रिपोर्टवर थांबू नका

‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे, हृदय ठणठणीत. आता टेन्शन घेऊ नका.’ छातीत दुखणाऱ्या बाईला एवढेच सांगून घरी पाठवले, तर तिचे निदान झालेलेच नसते.

अँजिओग्राफीत मोठ्या धमन्यांची पोकळी दिसते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या तिच्यात जवळपास दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त पोचायचे हे तर मुख्यतः त्याच ठरवतात. कालवा मोकळा आहे म्हणून शेवटचा वाफा भिजला, असे कोणता शेतकरी मानेल? अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘वाइज’ अभ्यासात छातीदुखीच्या, पण मोठ्या धमन्यांत अडथळा नसलेल्या बायका तपासल्या, तेव्हा जवळपास निम्म्या जणींच्या बारीक वाहिन्यांत बिघाड निघाला. पुढे अशा बायकांना हृदयविकाराच्या घटना निरोगी बायकांपेक्षा जास्त झाल्याचेही दिसले. तेव्हा ‘अडथळा नाही, म्हणजे धोका नाही’ हेही खरे नाही.

मग पाहायचे कशात? पेट स्कॅनमध्ये स्नायूतून वाहणारे रक्त मोजता येते. औषधाने ताण दिल्यावरही ते दुप्पट होत नसेल, तर बारीक वाहिन्यांवर संशय घ्यायलाच हवा. एमआरआयमध्ये स्नायूवरचा व्रण आणि सूज दिसते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट अटॅक येऊनही धमन्यांत मोठा अडथळा नसलेल्या ११६ बायकांची एमआरआय आणि धमनीच्या आतून घेतलेली ओसीटी चित्रे एकत्र पाहिली. ८४.५ टक्के जणींत कारण सापडले. केवळ अँजिओग्राफीवर थांबले असते, तर त्या सगळ्यांना ‘नॉर्मल’ म्हटले गेले असते!

‘कारण कळून उपयोग काय, गोळ्या त्याच,’ असे काही डॉक्टर म्हणतात. ग्लासगोच्या ‘कॉरमिका’ चाचणीने २०१८ मध्येच याला उत्तर दिले आहे. तिथे अँजिओग्राफीच्याच वेळी धमनीत तार घालून बारीक वाहिन्यांचे काम तपासले आणि निदानाप्रमाणे औषधे दिली. सहा महिन्यांनी त्या रुग्णांचे छातीत दुखणे इतरांपेक्षा कमी होते. १५१ रुग्णांत सुमारे तीन-चतुर्थांश बायका होत्या.

खर्चाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पेट आणि एमआरआय स्वस्त नाहीत, सगळीकडे मिळत नाहीत, आणि प्रत्येक छातीदुखीला त्यांची गरजही नाही. मोठ्या धमन्या बायकांच्याही तुंबतात, अँजिओग्राफी हवीच. पण ती निर्दोष येऊनही दुखणे थांबत नसेल, तर पुढची तपासणी सुचवणे डॉक्टरांचे कामच आहे. ती करता येत नसेल, तर निदान रिपोर्टवर स्पष्ट लिहावे: मोठ्या धमन्यांत अडथळा नाही, बारीक वाहिन्या तपासलेल्या नाहीत.