‘घरीच तर असते’ म्हणू नका!



घरातल्या कर्त्या पुरुषाला रस्त्यावर अपघात झाला, की चार माणसे लगेच नुकसानभरपाईची चौकशी करू लागतात. तोच हात गृहिणीचा मोडला तर? “त्या काय, घरीच तर असतात. पगार थोडाच बुडतोय!” आणि गंमत म्हणजे, हे वाक्य पुष्कळदा आपणच म्हणतो. पण सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला, तर पोळ्या कोण लाटणार? धुणे-भांडी, सासूबाईंची औषधे, मुलांचे डबे? त्यासाठी माणसे लावावी लागतात आणि ती काही फुकट येत नाहीत.

हा हिशेब आता कोर्टानेही मान्य केला आहे. अमरावती जिल्ह्यातील एक बाई अपघातात गेली. ती गृहिणी, उत्पन्नाचा पुरावा नाही, म्हणून घरच्यांचा दावा खालच्या न्यायाधिकरणाने फेटाळला. २०२० साली आपल्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती अनिल किलोर यांनी तो निकाल फिरवला आणि कुटुंबाला ८ लाख २२ हजार रुपये देवविले. सर्वोच्च न्यायालयाने तर २००१ सालीच गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली होती. २०२१ च्या निकालात त्याच न्यायालयाने जनगणनेचा दाखला दिला: २०११ साली घरकाम हाच मुख्य उद्योग सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी, आणि पुरुष ५८ लाखांच्या आसपास!

मग अपघात झालाच, तर काय करायचे?

आधी उपचार. मे २०२५ पासूनच्या सरकारी योजनेत रस्ते-अपघातातील जखमींना नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळतात. तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका.

दुसरे, जागच्या जागी दोन-चार हजार घेऊन “जाऊ द्या ना, भाऊ” म्हणत मिटवू नका. मुका मार वाटतो, आणि आठ दिवसांनी हाड सरकलेले निघते. गाडीचा नंबर टिपा, पोलिसांत नोंद करा, तिची प्रत मागून घ्या. मेडिकल असो की मेयो, केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिले, ऑटोच्या भाड्याच्या चिठ्ठ्यासुद्धा एका पिशवीत जपा. सोबतीला किंवा स्वयंपाकाला बाई ठेवली, तर तिच्या पगाराची सही घेऊन ठेवा. कायमचे अपंगत्व राहिले तर सरकारी दाखला काढा. भरपाईत फक्त बिलेच नव्हे, तर बुडालेली कमाई, सोसलेल्या वेदना आणि पुढच्या उपचारांचा खर्चही मोजतात.

तिसरे, अर्ज. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा. अपघात पुण्याला झाला आणि तुम्ही नागपूरच्या रहिवासी असाल, तर तो नागपुरातच करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी ६ महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा “दिवाळी होऊन जाऊ दे” असे करू नका. गाडी धडक देऊन पळाली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तरी हात हलवत परतायचे कारण नाही. गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कचेरीत करायचा.

वकिलाच्या फीची धास्ती वाटते? १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिच्या यजमानांचा पगार कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे सरळ जाऊन विचारा.

आणि एक शेवटचे. अर्जात ‘व्यवसाय’ अशी एक ओळ येते. तिथे “काही नाही” असे लिहू नका, कुणाला लिहूही देऊ नका. ‘गृहिणी’ असे स्पष्ट लिहा आणि सकाळी उठल्यापासून रात्री दूध विरजेपर्यंत केलेल्या कामांची यादी वकिलांच्या हाती द्या. शिकवणी, शिवणकाम, पापड-कुरडयांच्या ऑर्डरी असे काही करत असाल, तर तेही त्यात घाला. आपल्या कामाला आपणच शून्य किंमत लावली, तर कोर्टाने तरी कशावरून मोजावे?