साबळेचं कौतुक पुरे, भरतीच्या पोरांच्या वेळा कुठे जातात ते सांगा

मंडळी, पहाटे पाचला बारामती-इंदापूर रस्त्यावर गाडी काढून बघा. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, कुठंही. अंधारात पोरं पळत असतात, पोरीसुद्धा. हंगाम असला की अंगाला घासून उसाच्या ट्रॉल्या जातात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला अग्निवीर. आणि यातल्या कुणालाही विचारा, अविनाश साबळे माहीत असतो.

साबळे बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. घरची गरिबी. बारावी झाली आणि फौजेत गेला, ५ महार रेजिमेंट. सियाचीन झालं, राजस्थान झालं, सिक्कीम झालं. शर्यतीत उतरला तो २०१५ ला, फौजेतल्याच क्रॉसकंट्रीत. २०१८ ला भुवनेश्वरमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावला आणि गोपाळ सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं जुना! मग स्वतःचाच विक्रम परत परत मोडत गेला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथं १९९८ पासून तिन्ही पदकं केनियाच नेत होता, तिथं रौप्य. सुवर्ण हुकलं ते पाच शतांश सेकंदानं. २०२३ ला हांगझोऊला आशियाई सुवर्ण. जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये ८:०९.९१.

या वेळेचा हिशोब आपल्या भाषेत करू. २८ अडथळे, ७ वेळा पाण्यावरून उडी, आणि तरी १६०० मीटरला सरासरी ४ मिनिटं २१ सेकंद. तेही लागोपाठ जवळपास दोनदा. फौजेच्या भरतीत साडेपाच मिनिटांत नुसतं सपाट पळालं की पूर्ण गुण.

आता मुद्दा. यात महाराष्ट्राच्या क्रीडा व्यवस्थेचा वाटा किती? शोधला फौजेनं, घडवला फौजेनं, पगार फौजेचा. आपण फ्लेक्स लावले.

आणि ती वाटही आता अरुंद झालीय. २०२२ पासून चार वर्षांची अग्निवीर भरती. साबळेला फौजेत गेल्यावर पहिला राष्ट्रीय विक्रम करायला चार वर्षांपेक्षा जास्त लागली. म्हणजे आजच्या नियमानं तो त्याआधीच बॅग घेऊन मांडव्याला परत आला असता. पंचवीस टक्के कायम होतात, त्यात तो बसला असता असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सिक्कीमच्या पोस्टवर उभ्या असलेल्या साध्या जवानाला ती खात्री कुणी दिली असती?

मग राज्यानं काय करायचं? पैशाच्या आधी अक्कल लागते. पोलीस भरतीत हजारो पोरापोरींची धावण्याची वेळ मोजली जाते, पायाला चिप बांधून, सेकंदापर्यंत. ती वेळ गुणांच्या तक्त्यात जाते आणि तिथंच मरते. लेखी परीक्षेत दोन गुणांनी राहिलेला पोरगा मैदानात जिल्ह्यात पहिला असेल, तर त्याला फोन कोण करतं? कुणीच नाही. तो घरी येतो, पुढच्या भरतीची वाट बघतो, मग वय निघून जातं.

मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या भरतीतल्या सर्वात जलद पन्नास पोरांची आणि पन्नास पोरींची यादी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, भरती झाली असो वा नसो. त्यांना प्रशिक्षक, खुराक, आणि दोन वर्षं घरच्यांना तोंड देता येईल एवढं मानधन. आणि तालुका क्रीडा संकुलाचं गेट पहाटे साडेचारला उघडं पाहिजे, म्हणजे ट्रॉलीखाली जायची भीती नको.

इंदापूरचे आमदार दत्तामामा भरणे यांच्याकडे डिसेंबर २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंत क्रीडा खातं होतं, मग कृषी आलं. खातं गेलं तरी मंत्रिमंडळात शब्द आहे. मामा, ही यादी मागवायला एक पत्र पुरतं. कधी लिहिताय?