रनिंग बॅकचं शरीर म्हणजे टायर नव्हे



अमेरिकन फुटबॉलमधला एखादा नावाजलेला रनिंग बॅक २७-२८ वर्षांचा झाला की तिकडचे समालोचक एक ठरलेली चर्चा सुरू करतात. याच्या टायरवर अजून किती रबर शिल्लक आहे? उपमा खरोखरच टायरची देतात. आपल्याकडे दवाखान्यात येणारे पेशंटही जवळपास तेच म्हणतात, ‘डॉक्टर, गुडघ्याची गादी झिजली हो.’ शरीर म्हणजे यंत्र, वापरलं की झिजणारच, अशी ही समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे असं माझं मत आहे. आणि उरलेल्या अर्ध्या चुकीची किंमत या खेळाडूंना हाडामांसानं चुकवावी लागते. म्हणून आज थोडं सविस्तर.

आधी खेळ थोडक्यात

क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या हातात देतो आणि हा गडी समोरच्या बचावफळीत घुसतो. अशा प्रत्येक धावेला ‘कॅरी’ म्हणतात. कॅरीचा शेवट बहुतेक वेळा एकाच प्रकारे होतो: शंभर ते एकशे चाळीस किलोचे एक-दोन-तीन जण त्याला जमिनीवर आपटतात. तो उठतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात पुन्हा उभा राहतो. एनएफएलच्या नियमित हंगामात पूर्वी प्रत्येक संघाचे १६ सामने असत, २०२१ पासून १७ आहेत. हंगामात ३०० कॅरी म्हणजे भरपूर काम मानलं जातं. शिवाय चेंडू झेलून धावणं वेगळं, आणि क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी अंगावर घेतलेल्या धडका वेगळ्या. त्या धडका तर कॅरीच्या आकड्यात मोजल्याही जात नाहीत.

डेरिक हेन्रीचा पाय

डेरिक हेन्रीचं उदाहरण घेऊ. उंची सुमारे १९० सेंटिमीटर, वजन ११२ किलोच्या आसपास. टेनेसी टायटन्सनं त्याला २०१९ मध्ये ३०३ आणि २०२० मध्ये ३७८ कॅरी दिल्या. २०२० मध्ये त्यानं २,०२७ यार्ड काढले. २०२१ मध्ये पहिल्या ८ सामन्यांतच त्याच्या २१९ कॅरी झाल्या, म्हणजे सामन्याला २७ हून जास्त. याच गतीनं १७ सामने झाले असते तर आकडा ४६० च्या पुढे गेला असता. एका हंगामातला विक्रम ४१६ चा आहे, लॅरी जॉन्सनचा, २००६ मधला.

३१ ऑक्टोबर २०२१ ला, आठव्या सामन्यात, हेन्रीच्या पायाचं हाड मोडलं. त्याही सामन्यात त्यानं २८ वेळा चेंडू पळवला. शस्त्रक्रिया झाली, आणि बारा आठवडे पूर्ण व्हायच्या आत तो प्लेऑफच्या सामन्यात मैदानावर होता.

टायर फाटला, असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. पुढे काय झालं? २०२२ मध्ये त्याच्या ३४९ कॅरी झाल्या. २०२४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडून, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यानं ३२५ कॅरीत १,९२१ यार्ड काढले. फाटलेला टायर असा धावत नाही. नीट जुळलेलं हाड धावतं. फरक इथेच आहे: टायर स्वतःची दुरुस्ती करत नाही, शरीर करतं. मात्र त्याला वेळ लागतो, आणि प्रत्येक अवयवाला वेगळा वेळ लागतो.

शरीराची दुरुस्ती कशी चालते?

*स्नायू:* जोरदार सामन्यानंतर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्यातली साखरेची साठवण रिकामी होते. दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतं. आहार आणि झोप नीट असेल तर बहुतेक भरपाई आठवड्याभरात होते.

*हाड:* हाड ही जिवंत वस्तू आहे. ताण वाढला की काही पेशी जुनं, थकलेलं हाड आधी पोखरून काढतात, मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. पोखरायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. आपल्याकडे रस्ता दुरुस्तीला काढतात तेव्हा काय होतं आठवा: आधी खणतात, आणि डांबर पडेपर्यंत तोच रस्ता पूर्वीपेक्षा वाईट असतो. नेमक्या त्याच काळात अवजड वाहतूक सुरू ठेवली तर तो खचतो. हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर असंच होतं.

हेन्रीचं फ्रॅक्चर ‘जोन्स’ प्रकारचं असल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या. हे करंगळीच्या रेषेत असलेल्या पाचव्या मेटाटार्सल हाडाचं, त्याच्या बुडाजवळचं फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकाचा स्वतःचाच पाय नाचताना तिथे मोडला होता. त्यानं १९०२ मध्ये त्याचं वर्णन छापलं, म्हणून हे नाव. या जागी रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो. खेळाडूंमध्ये म्हणूनच अनेकदा स्क्रू घालून ते पक्कं करतात.

*कंडरा:* स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. इथे रक्त कमी, त्यामुळे दुरुस्ती संथ. ख्रिश्चन मॅकॅफ्रीचा इतिहास बघा. २०१९ मध्ये २८७ कॅरी आणि ११६ झेल, म्हणजे ४०३ वेळा चेंडू त्याच्या हातात होता. पुढच्या दोन हंगामांत वेगवेगळ्या दुखापतींमुळे तो अनुक्रमे ३ आणि ७ सामनेच खेळला. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून तो पुन्हा अव्वल होता. २०२४ मध्ये दोन्ही टाचांवरच्या अकिलीस कंडरा सुजल्या आणि पहिले आठ सामने बाहेर बसावं लागलं. परतल्यावर चौथ्याच सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. आता हा संपला, असं म्हणणाऱ्यांना त्यानं २०२५ मध्ये सगळे १७ सामने खेळून उत्तर दिलं. आणि पुन्हा चारशेहून अधिक वेळा चेंडू हाताळला.

*कूर्चा आणि मेंदू:* इथे मात्र टायरवाले बरोबर आहेत. सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, तिची भरपाई जवळजवळ होत नाही. मेंदूच्या पेशींचंही तेच. बेशुद्ध न पाडणारे, वरवर किरकोळ वाटणारे डोक्यावरचे धक्केही वर्षानुवर्षं साठत जातात आणि त्यांचा संबंध पुढच्या आयुष्यातल्या मेंदूच्या ऱ्हासाशी आहे.

म्हणजे ‘३७८ कॅरी’ हा एकच आकडा पाच वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळा जमा होतो. स्नायूच्या खात्यात तो आठवड्यात फिटतो, हाडाच्या खात्यात काही महिन्यांत, आणि मेंदूच्या खात्यात कधीच नाही. एका बेरजेवरून ‘हा टिकेल का’ हे ठरवणं म्हणजे नुसतं वजन बघून माणसाची तब्येत सांगण्यासारखं आहे.

३७० चा शाप खरा आहे का?

अमेरिकेत आकडेवारीवाल्यांनी एक नियम मांडला होता: एका हंगामात ३७० हून जास्त कॅरी झाल्या की पुढच्या वर्षी तो खेळाडू जखमी होतो किंवा मंदावतो. उदाहरणं भरपूर मिळतात. लॅरी जॉन्सन ४१६ नंतरच्या वर्षी ८ सामन्यांत पाय मोडून बसला. टेरेल डेव्हिसच्या १९९८ मध्ये ३९२ कॅरी झाल्या आणि १९९९ मध्ये चौथ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला.

पण जरा थांबा. समजा, शंभर लोकांचं बीपी एकदाच मोजलं आणि सर्वाधिक आलेले पाच जण निवडले. पुढच्या आठवड्यात औषध न देताही त्यांतल्या बहुतेकांचं बीपी थोडं कमी येईल, कारण निवडच त्यांच्या सर्वात वरच्या दिवशी झाली होती. ३७० कॅरीचा खेळाडूही असाच निवडला जातो: ज्या वर्षी तो पूर्ण निरोगी राहिला, फॉर्मात होता आणि संघ जिंकत होता, त्या वर्षी. पुढचं वर्ष सरासरीकडे सरकणारच. आणि डेव्हिसचा गुडघा कॅरी करताना गेलाच नव्हता. आपल्या संघाचा चेंडू विरोधकानं पळवल्यावर त्याला अडवायला तो धावला, तेव्हा गेला.

दुसऱ्या बाजूला वॉल्टर पेटन १३ हंगामांत फक्त एक सामना चुकला. एमिट स्मिथनं १५ हंगामांत ४,४०९ कॅरी केल्या. फ्रँक गोरच्या दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट कॉलेजातच फाटले होते, तरी तो १६ हंगाम खेळला. अर्थात असे खेळाडू टिकले म्हणून आपल्याला दिसतात. जे दोन वर्षांत घरी गेले त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. म्हणून यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, काही होत नाही’ म्हणणंही चूकच.

मग खरा प्रश्न कोणता?

भार किती, यापेक्षा भार किती झपाट्यानं वाढला आणि मध्ये किती वेळ मिळाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रविवारी २८ कॅरी करून गुरुवारी पुन्हा सामना, ही पद्धत एनएफएलमध्ये सर्रास आहे. मध्ये मिळतात तीन दिवस. स्नायूंचं दुखणं नुकतं उतरायला लागलेलं असतं, हाडाची तर गोष्टच सोडा.

आणि हे ठरवतं कोण? संघ. नवख्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा, ठरलेल्या रकमेचा. रनिंग बॅकची सर्वात ताकदीची वर्षं त्यातच जातात. त्यानंतर संघ ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून त्याला आणखी एक वर्ष अडवू शकतो. २०२३ मध्ये रनिंग बॅकसाठी ही रक्कम सुमारे १ कोटी डॉलर होती, तर क्वार्टरबॅकसाठी ३ कोटी २४ लाख. २०१७ मध्ये लेव्हियन बेलनं चारशेहून अधिक वेळा चेंडू हाताळला, आणि २०१८ मध्ये हा टॅग नाकारून तो वर्षभर घरी बसला. पैसा डोळ्यांत भरतो, पण हिशेब नीट बघा. ज्याला कमी पैशात चार वर्षं वापरायचंय, त्याला सांभाळून वापरण्याचं कारण काय? पाचव्या वर्षी ‘टायर झिजला’ म्हटलं की झालं. झिजणं ही निसर्गाची गोष्ट, त्यात कुणाचा दोष नाही! या उपमेवर माझा राग आहे तो यासाठीच. कुणीतरी घेतलेल्या निर्णयाला ती नशिबाचं रूप देते.

प्रशिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. सतत धडका देणारा ताकदवान रनिंग बॅक शेवटच्या सत्रात थकलेल्या बचावफळीला फोडतो. त्याला मध्येच बसवलं तर सामना हातचा जातो. खेळाडूला स्वतःलाही खेळायचंच असतं. मान्य. पण २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनं काय केलं? सॅक्वॉन बार्कलीचे २,००५ यार्ड झाले होते. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि एक सामना शिल्लक होता. संघानं त्याला बसवलं. प्लेऑफमध्ये त्यानं ९१ कॅरी केल्या आणि संघ सुपर बोल जिंकला. विश्रांती दिली म्हणून सामने हरत नाहीत. हेही खरं की एका आठवड्याच्या विश्रांतीनं ४३६ कॅरींचा हिशेब मिटत नाही. २०२५ मध्ये बार्कलीचे यार्ड बरेच घसरले. वाट काढून देणारे त्याचे काही सहकारी जखमी होते, हे कारण आहेच, पण शरीराचं देणंही त्यात असावं असं मला वाटतं.

माझ्या मते काय व्हावं

१. कॅरीसोबत झेल, धडका आणि सरावही मोजावा, आणि हिशेब हंगामाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा.

२. रविवारी पंचवीसच्या वर कॅरी झालेल्या खेळाडूला गुरुवारी मर्यादित काम द्यावं. नियमानं, प्रशिक्षकाच्या मर्जीनं नाही.

३. डोक्याच्या दुखापतीसाठी एनएफएलनं २०१३ पासून संघाशी संबंध नसलेले तज्ज्ञ मैदानावर आणले. कामाच्या भारासाठीही असा स्वतंत्र डॉक्टर हवा. संघाकडून पगार घेणाऱ्या डॉक्टरला ‘याला बसवा’ म्हणणं जड जातं, हा मानवी स्वभाव आहे.

४. रनिंग बॅकचा पहिला करार लहान असावा.

आपली बरीच मराठी कुटुंबं अमेरिकेत आहेत, त्यांची मुलं शाळेच्या संघात हा खेळ खेळतात. त्या पालकांना एवढंच सांगेन: प्रशिक्षकाला दोन प्रश्न विचारा. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात काम किती वाढलं? आणि पुढच्या सामन्याआधी किती दिवस आहेत? मूल पायाच्या हाडावर एका ठरावीक बिंदूवर बोट ठेवून ‘इथेच दुखतं’ म्हणत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे न्या. सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे’ असं कुणी म्हटलं तरी दुखणं खरं माना.

काळजी घ्या.